मागच्या टायरवरचं तेल

मित्रांनो, भीती वाटायला काळीज लागतं, असं तुम्ही माणसं म्हणता. माझ्याकडे काळीज नाही. एक सिलिंडर आहे, एक पिस्टन आहे आणि त्यांच्याखाली लिटरभराला थोडं कमी असं तेल आहे. तरीही यंदा मी चार महिने भ्याले. भंगारात जाण्याची भीती प्रत्येक जुन्या गाडीला असते, तिची सवय होते. माझी भीती निराळी होती. माझ्या पाठीवर बसलेली दोन माणसं माझ्याच हातून जातील, असं मला रोज वाटत होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

तर मी आहे एक जुनी मोटारसायकल. रंग मूळचा काळा, आता टाकीच्या कडांना करडा झालेला. सांगलीजवळ माधवनगरला, मगदुमांच्या घरापुढच्या पत्र्याच्या पडवीत, डाव्या अंगाला कलून मी उभी असते. माझं मोठं स्टँड कधीच मोडलं. तेव्हापासून हे एका पायावरचं उभं राहणं माझ्या नशिबी आलं.

माझी उमेदीची वर्षं वडूजला गेली. तिथल्या गुरांच्या दवाखान्यात नानासो नावाचे गृहस्थ होते. लस टोचायची पेटी माझ्या मागच्या सीटला बांधून ते खटाव तालुक्याची गावंच्या गावं फिरत. रस्ता कसला, नुसती खडी आणि धूळ. पण नानासोंचा हात गुणी. एखाद्या गाभण गायीला चुचकारावं तसं ते मला चढाला घेऊन जात. रविवारी सकाळी पडवीत पोतं अंथरून त्यावर आडवे होत आणि माझं पोट खालून न्याहाळत. शेजारचे हसत. नानासो म्हणत, "आवं, वरनं तर सगळीच गुरं धडधाकट दिसत्यात."

तेव्हा माझं कौतुकही फार होई. दसऱ्याला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. सुरू व्हायला मी कधी दुसरी किक मागितली नाही. पुढे नानासोंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मुलांनी त्यांना गाडी सोडायला लावली, आणि मी माधवनगरच्या जयपाल मगदुमांकडे आले. मी निघाले तेव्हा नानासो दारात थांबले नाहीत, की त्यांनी टाटा केला नाही. ते घरात जाऊन बसले. मला वाटतं, ते रडले असावेत.

जयपाल मालक माणूस मोठे कामाचे. शेतांमधली ठिबकची जाळी बसवायची, बुजलेली नळी मोकळी करायची, फुटलेली जोडायची, हा त्यांचा धंदा. सोमवार आणि गुरुवार आटपाडीकडची डाळिंबं ठरलेली. माधवनगरहून तासगाव, तिथून भिवघाट, मग आटपाडी. गेल्या वर्षापासून त्यांची लेक ब्राह्मीही मागे बसू लागली. शेतीची पदविका घेतलेली, एकवीस वर्षांची, बडबडी पोर. तिला बापाचं काम शिकून पुढे चालवायचं होतं. मालकांच्या पाठीला पिशवी, ब्राह्मीच्या मांडीवर नळ्यांचं भेंडोळं, असं आमचं बिऱ्हाड निघे.

मालकांना एकच खोड. माझ्यावर बसताना ते रस्त्याकडे बघत, घड्याळाकडे बघत, माझ्याकडे कधीच बघत नसत. पावसाच्या दिवसांत शेतकरी आभाळाकडे जसा बघतो, तसं माझ्याकडे बघायची त्यांना कधी गरजच पडली नाही. किक मारली की मी सुरू व्हायचीच. तेल मात्र दर पंधरवड्याला न चुकता तपासायचे आणि शनिवारी चेनला तेल घालायचे, तेवढं खरं.

आणि घरात होत्या त्रिशलावहिनी. मालकांच्या पत्नी, ब्राह्मीची आई. सारी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. वहिनींसारखी दयाळू बाई मी वडूजपासून सांगलीपर्यंत पाहिली नाही. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, सूर्य बुडाल्यावर घास घेणार नाहीत, दिवा लावला की पतंग येतील म्हणून खिडकी ओढून घेतील. अंघोळ करून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला निघाल्या की पाय टाकताना आधी जमीन बघतील. अशा बाईच्या हातून माझ्यावर संकट येईल, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

झालं ते असं. तुमच्यासारखाच मलाही श्वास घ्यावा लागतो. पिस्टन खालीवर नाचतो, त्याच्या झिजलेल्या कडांमधून थोडी गरम हवा माझ्या पोटात उतरते. ती पोटात साठून चालत नाही. तिला बाहेर पडायला एक रबरी नळी असते, बोटापेक्षा बारीक, माझ्या खाली मागच्या बाजूला लोंबणारी. तरुणपणी तिच्यातून नुसती हवा येई. वय झाल्यावर हवेबरोबर तेलाचे दोन-चार थेंबही पडू लागले. म्हाताऱ्या माणसाचं नाक गळतं, तसंच हे. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

पण त्या थेंबांत मुंग्या अडकत होत्या.

पडवीच्या भिंतीला मुंग्यांची रांग. एका आषाढातल्या सकाळी वहिनींना फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला आणि त्यात दहा-बारा मुंग्या पाय आखडून पडलेल्या. वहिनी तिथेच खाली बसल्या. चातुर्मास लागला होता. आपल्या दारात आपल्यामुळे जीव जाऊ द्यायचा नाही, असा नेम त्यांनी त्याच आठवड्यात धरला होता. त्यांनी नळीखाली जुनी ताटली ठेवली, ती मांजराने उलटवली. पोतं टाकलं, तर पोत्यातही मुंग्या. शेवटी त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी घेतली, तिचा घट्ट बोळा वळला, आणि काडीने ढकलून ढकलून माझ्या नळीच्या तोंडात खोल बसवला.

थेंब थांबला. वहिनींनी हात जोडले आणि त्या समाधानाने आत गेल्या.

मित्रांनो, तुमचं नाक-तोंड कुणी प्रेमाने दाबून धरलं तर तुम्हाला कसं वाटेल? मालकांनी किक मारली, मी सुरू झाले, आणि तासगावच्या अलीकडेच माझं पोट फुगू लागलं. हवा बाहेर जायला वाट शोधत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! शेवटी तिला वाट सापडली. माझ्या डाव्या अंगाला, जिथे चेनचं पुढचं छोटं दातेरी चाक असतं, तिथे एक रबरी कडं आहे. त्याला सगळे ऑइल सील म्हणतात. आतलं तेल आत राखणं एवढंच त्याचं काम. त्या बिचाऱ्याने किती धरून ठेवायचं? त्याची कड सुटली आणि तेल पाझरू लागलं. त्याच्याजवळच गिअरच्या दांड्याचं तसलंच सील आहे, तेही ओलावू लागलं.

आता भीती कशाची, ते ऐका. तेल त्या छोट्या चाकावरून चेनवर येतं. चेन गरगर फिरते आणि ते मागे उडवते. माझं चेनवरचं झाकण अर्धं तुटलेलं. मागे कोण असतं? मागचा टायर. तेल थेट त्याच्या डाव्या कडेवर बसू लागलं. सरळ रस्त्यावर टायर मधल्या पट्टीवर धावतो, तिथे काही कळत नाही. उजव्या वळणावरही काही नाही. पण डाव्या वळणावर मी डावीकडे कलते, आणि तेव्हा मला रस्त्याला धरून ठेवते ती नेमकी तेल लागलेली कड. वेगात असताना ती सुटली, तर मी जमिनीवर आडवी होऊन उजवीकडे फेकली जाणार. म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पुढ्यात.

पहिल्यांदा चाक जरासं सरकलं ते विसापूरच्या आसपास. केसभर सरकलं असेल. मालकांना वाटलं, वाळू असेल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून मी डावी वळणं मोजू लागले. आटपाडीला पोहोचेपर्यंत एकेचाळीस मोठी वळणं डावीकडची. मागे ब्राह्मी नव्या गाण्याची ओळ गुणगुणत असे, आणि मी आपली तेवीस, चोवीस, पंचवीस करत धापा टाकत असे.

माझं तेल भराभर कमी होऊ लागलं, हे मालकांच्या लक्षात आलं. ते मला आप्पासोंकडे घेऊन गेले. आप्पासो माधवनगरच्या जुन्या गिरण्यांच्या रस्त्याला गॅरेज चालवतात. चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस.

"आप्पासो, तेल कुठं जातंय काय कळंना झालंय," मालक म्हणाले.

आप्पासोंनी वाकून बघितलं, बॅटरी मारली, बोट फिरवलं. "कुठं गळतंय? गाडी तर कोरडी ठणठणीत हाय की."

मी कोरडी होते, कारण वहिनींनी मला पुसलं होतं! तेल आता दुसरीकडून पडतंय हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. नळी बंद करूनही थेंब का येतात, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. पण मुंग्या तर वाचवायलाच हव्यात. म्हणून रोज पहाटे, मुंग्या बाहेर पडायच्या आत, त्या फडकं घेऊन येत. इंजिनाची डावी बाजू, खालचा बोल्ट, चेनची कड, सगळं लख्ख पुसत, फरशीवर राख टाकून ती झाडून घेत आणि मगच अंघोळीला जात. आणि गाडी गॅरेजला न्यायची असली तर विचारूच नका. "परक्याच्या दारात घाण गाडी न्यायची व्हय?" असं स्वतःशीच म्हणत दुप्पट पुसत. मेकॅनिकला दाखवायचा पुरावाच पाहुणे येण्याआधी घर आवरावं तसा आवरून ठेवलेला!

"धूर मारतीया का?" आप्पासोंनी विचारलं.

"न्हाई."

"मग मॅग्नेटच्या झाकणाचं पॅकिंग गेलं असंल. बदलू."

पॅकिंग बदललं. तेल जातच राहिलं. खालच्या बोल्टचा वायसर बदलला. तेल जातच राहिलं. मग आप्पासोंना चेन ओली दिसली. ते मालकांवरच उखडले, "एवढं तेल घालत्यात व्हय चेनला? भजी तळायची हायती काय?" झालं, मालकांनी शनिवारचं तेल घालणं बंद केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तळमळत होते. आप्पासोंनी चेनचं पुढचं झाकण एकदा उघडलं असतं, तरी सगळं दिसलं असतं. पण जी जागा कोरडी दिसते, ती कोण उघडणार?

खरं सांगते, आम्ही गाड्याही थोड्या लबाड असतो. तेल जिथून सुटतं, तिथे ते थांबत नाही. उतार मिळेल तसं घरंगळत सर्वांत खालच्या बोल्टाशी येतं आणि तिथून टपकतं. म्हणून माणूस बोल्ट आवळतो आणि फसतो.

ब्राह्मीच्या एकदा उत्तर अगदी हातातोंडाशी आलं होतं. ती आईला म्हणाली, "आई, माझ्या सलवारीच्या डाव्याच पायावर काळं शिंतोडं कसं पडत्यात गं? उजव्यावर एक बी न्हाई."

मी जीव कानात आणून ऐकत होते. विचार पोरी, अजून एकदा विचार!

"रस्त्याचा चिखल असंल," वहिनी म्हणाल्या. "दे इकडं, साबण लावून ठिवते."

तोही डाग निघाला. वहिनींच्या हाताला यश फार.

कार्तिकातला गुरुवार होता. आटपाडीला एका मोठ्या बागेत पाण्याचा दाब चढत नव्हता. मालक आणि ब्राह्मी दिवसभर नळ्या उकलत बसले आणि निघायला उशीर झाला. दिवस लहान झालेले. वहिनी घरी ताटं वाढून वाट बघत असणार, आणि दिवस बुडाला की तिघंही उपाशी झोपणार, कारण सूर्यास्ताचा नेम तिघांचाही होता, आणि घरची माणसं जेवल्याशिवाय वहिनी जेवत नसत.

"अण्णा, सावकाश चला," ब्राह्मी म्हणाली.

"सूर्य थांबतोय व्हय आपल्यासाठी?" मालकांनी कान पिळला. माझा कान म्हणजे माझी मूठ.

ऊन डोळ्यांवर येत होतं. माझं पोट तटतटलं होतं. टायरच्या डाव्या कडेवर तेलाचा थर आणि त्यावर दिवसभराची धूळ, असा चिकट, निसरडा लेप बसला होता. मला तो स्पष्ट जाणवत होता. एक डावं वळण गेलं. दुसरं गेलं. भिवघाटाजवळचं तिसरं मोठं वळण आलं आणि समोरून दुधाचा टँकर दिसला. नको मालक, वेग कमी करा, नको. मी धडधडले, अडखळले, निदान बंद पडावं म्हणून धडपडले. पण मी चांगली गाडी! हवी तेव्हा बंद पडायचं कसब मला कुणी शिकवलंच नव्हतं.

मालकांनी मला डावीकडे कलवलं आणि मागच्या चाकाची पकड सुटली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डांबरावर घासणारा माझा फुटरेस्ट. हवेत उडालेलं नळ्यांचं भेंडोळं. "अण्णाऽऽ" अशी ब्राह्मीची किंकाळी. टँकरचा ब्रेक, जळक्या रबराचा वास, आणि माझ्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर येऊन थांबलेला तो भला मोठा बंपर. माझं इंजिन बंद पडलं होतं. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. त्या शांततेत मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, कुणीतरी हलण्याची.

आधी मालक हलले. "ब्राह्मी! ए ब्राह्मी!"

"हाय... हाय मी, अण्णा." ती रस्त्याच्या कडेला बसली होती. डावा तळहात सोलवटलेला, गुडघ्यातून रक्त.

टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला. "पावणं, देवानं हात दिला बगा. अजून एवढं सरकला असता तर..." त्याने हातानेच अंतर दाखवलं.

मालक रस्त्यात वाळू शोधत होते. वाळू नव्हती. ब्राह्मी मात्र लंगडत माझ्याकडे आली, खाली वाकली आणि चांगला हात मागच्या टायरवर फिरवला. बोटं काळीभोर होऊन चकाकत होती. तिने ती बापापुढे धरली.

"अण्णा, हे चिखल न्हाई. तेल हाय."

मालकांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. घड्याळाकडे त्यांनी त्या संध्याकाळी पुन्हा बघितलं नाही. टायर मातीने घासून, चालण्याच्या वेगाने, थांबत थांबत आम्ही घरी आलो. दिवस केव्हाच बुडाला होता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी लेकीचा हात धुऊन पट्टी बांधली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, आणि कारण फक्त नेमाचं नव्हतं.

सकाळी वहिनी सवयीने फडकं घेऊन आल्या, तर ब्राह्मी आधीच माझ्यापाशी उभी.

"आई, आज गाडीला हात लावायचा न्हाई."

"आन् मुंग्या?"

"हळदीची रेघ वड भवतीनं. मुंग्या वलांडत न्हाईत."

वहिनींनी डबा आणून माझ्याभोवती हळदीची जाड रेघ ओढली. सांगलीच्या घरात हळदीला काय तोटा? इतकं सोपं होतं ते, मित्रांनो. इतकं सोपं, आणि कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

आप्पासोंना निरोप गेला. गाडी हलवू नका, मीच येतो, म्हणाले. आले आणि न पुसलेल्या मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! ही अशी हुती व्हय? मला दर डावाला नवरी नटवून आणल्यागत आणत हुता की रं जयपाल!"

मग त्यांनी चेनचं पुढचं झाकण उघडलं, रॉकेलने माझी डावी बाजू स्वच्छ धुतली आणि फडक्याने कोरडी केली. ब्राह्मीकडून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा मागून घेतला. माझ्या काळ्या अंगावर पावडर भुरभुरली. मी पांढरीफटक दिसू लागले. भ्यालेल्याला शोभेल असाच रंग. मग त्यांनी मला जागच्या जागी सुरू केलं आणि सगळे वाकून बघत राहिले. मालकसुद्धा फरशीवर गुडघे टेकून वाकले होते.

पाच मिनिटं गेली. आणि मग पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, केसाएवढी बारीक. चेनच्या छोट्या चाकामागून निघाली आणि सावकाश खाली उतरली.

"घावलं!" ब्राह्मी ओरडली.

आप्पासो मात्र हसले नाहीत. त्यांनी बोट दाखवलं. गिअरच्या दांड्यापाशी दुसरी रेघ निघत होती. "दोन सील एकदम जात न्हाईत, पोरी. आत काय तरी कोंडलंय. श्वास कुठनं घेतीया ही?" असं म्हणत ते मला बंद करून पाठीवर आडवे झाले आणि चाचपत चाचपत माझी ती रबरी नळी त्यांनी हातात धरली. चिमट्याने आत टोचलं. मी बंद असूनही माझा श्वास अडकला. त्यांनी ओढलं, आणि तेलाने माखलेला बोळा फस्सकन बाहेर आला.

मित्रांनो, त्या एका श्वासाची गोडी मी कुठल्या शब्दांत सांगू!

"हा कुणाचा उद्योग?" आप्पासो गरजले. "जीव घेतला असता की ह्यानं दोघांचा!"

"गल्लीतली पोरं असतील," मालक दातओठ खात म्हणाले. "एकेकाच्या घरी जाऊन इचारतो बघ."

आप्पासोंनी चिंधी उलगडली. तेलातूनही लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. पडवीच्या खांबाला धरून वहिनी उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर? कुणालाच कधी कळलं नसतं. मी होते साक्षीला, पण मला कोण विचारतं?

"कुणाच्या घरी जाऊ नगा," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "मी घातलाय तो."

त्यांनी पुढे होऊन चिंधीकडे बोट दाखवलं.

"तेलात मुंग्या मरत हुत्या. म्हटलं, भोक बुजवलं की थांबंल. न्हाई थांबलं, म्हणून रोज पहाटं पुसत हुते. मला काय ठावं, गाडीला श्वास असतुया..." आणि मग त्या ब्राह्मीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून मोठ्याने रडू लागल्या. "मुंग्या जपता जपता मी माझीच माणसं मारली असती की हो!"

मला वाटलं, आता मालक भडकतील. माझाही राग होता ना वहिनींवर, चार महिन्यांचा. पण त्यांना रडताना बघून तो कुठे गेला कळलं नाही. मालकांनी तो बोळा आप्पासोंच्या हातातून घेतला. गुडघ्यांना फरशीची राख लागली होती, ती त्यांनी झाडलीही नाही.

"तू रोज पहाटं वाकून हिच्याकडं बघत हुतीस," ते म्हणाले. "बसत मी हुतो. चार महिन्यांत मी एकदा तरी वाकलो का? आन् तू पुसत्यास, ह्ये बी मला ठावं न्हाई. एकाच घरात ऱ्हातो न्हवं आपण?"

आप्पासोंनी दोन्ही सील नवी बसवली. नळीच्या तोंडाला तारेने एक छोटी प्लास्टिकची बाटली अडकवली, तिच्या मानेला श्वासासाठी भोक पाडून. माझं म्हातारपणाचं नाक आता त्या बाटलीत गळतं. मागचा टायर काढून त्यांनी नवा घातला. जुन्याकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती.

मित्रांनो, माझी भीती अजून पुरती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही. पण तुम्हाला एक मागणं मागते. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, गाडी असेल, पंखा असेल, शिवणयंत्र असेल. आम्हाला दुखलं तर आमच्याकडे ओरडायला आवाज नसतो. एखादा डाग, एखादी कुरकुर, जळका वास, एवढीच आमची भाषा. तुम्ही आम्हाला पुसा, जरूर पुसा, स्वच्छ राहायला कुणाला आवडत नाही? पण पुसण्याआधी डोळे भरून बघा, आणि जे दिसेल ते घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा. मनातल्या मनात केलेली दया कधीकधी फार महागात पडते.

मगदुमांच्या घरी आता एक नवाच नेम आहे, आणि तो कुठल्या पोथीत लिहिलेला नाही. सोमवारी आणि गुरुवारी त्रिशलावहिनी अंघोळ करतात, धुतलेलं लुगडं नेसतात, बस्तीत जायला पूजेचं तबक हाती घेतात. मग तबक उंबऱ्यावर ठेवून पडवीत येतात, खाली बसतात, आणि स्वच्छ धुतलेला उजवा तळहात माझ्या मागच्या टायरच्या डाव्या कडेवर दाबून पूर्ण फेरा फिरवतात. हात उन्हात धरून बघतात. रबराची काळी भुकटी लागलेली असते, पण चकाकी नसते.

"कोरडं हाय," त्या म्हणतात. "आता जावा."

मालक किक मारतात. वहिनी पुन्हा नळावर जाऊन हात धुतात, आणि मग देवाला जातात.